डबा लाडवांचा, बिल दवाखान्याचं

डिसेंबरचा दुसरा आठवडा. ओट्यावर डिंकाच्या लाडवांची तयारी मांडलेली होती. परातीत भाजलेलं खोबरं, शेजारी खारकेची पूड, तुपात फुललेला डिंक, गोडंबी, बदामाचे काप आणि एका वाटीत धुऊन सुकत ठेवलेले मनुके. कुरिअरवाला आला म्हणून मी दाराशी गेले, सोसायटीच्या ॲपवरचा नंबर सांगून परत आले, तर आमची चिमी जिभल्या चाटत उभी. मनुक्यांची वाटी स्वच्छ झालेली. खुर्चीवरून ओट्यापर्यंत कशी पोहोचली ते तिचं तिलाच ठाऊक.

"अगं, मनुकेच खाल्लेत ना? पोट साफ होईल तिचं," सासूबाई म्हणाल्या. "बदाम खाल्ले असते तर काळजी होती." मलाही तसंच वाटलं. आजारी माणसाला, बाळंतिणीला, लहान मुलांना आपण भिजवलेले मनुके देतो, मग नऊ किलोच्या पॉमेरियनला ते काय करणार?

रात्री दोन वाजता तिला पहिली उलटी झाली. सकाळी ती पाण्याच्या भांड्यापाशी गेली आणि न पिताच परत आली. दहा वाजता दवाखाना उघडला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता खाल्लं?" उत्तर होतं काल दुपारी चार. ते क्षणभर गप्प राहिले. तीन दिवस सलाइन, दोनदा रक्ततपासणी, औषधं, सगळं मिळून साडेअकरा हजार रुपये. पैशांचं दुःख नाही, चिमी वाचली. पण तेच डॉक्टर नंतर शांतपणे म्हणाले की काल संध्याकाळी पाच वाजता आणली असती तर दोन-तीन हजारांत काम झालं असतं आणि तिच्या मूत्रपिंडांवर ही वेळ आली नसती. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, आणि हा लेख त्यासाठीच आहे. हडपसर, मगरपट्टा, अमनोरा, ससाणेनगर, काळेपडळ, फुरसुंगी या भागांत आता घरटी नाही तरी मजल्यागणिक एक कुत्रा आहे, आणि प्रत्येक स्वयंपाकघरात सुकामेव्याचा डबा आहे.

गडबड 'सुकामेवा' या शब्दापासूनच होते. बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते, मनुके, बेदाणे, खारीक, चारोळी, गोडंबी आपण एकाच डब्यात भरतो आणि एकाच नावाने ओळखतो. आपल्यासाठी ते सगळं पौष्टिक. कुत्र्याच्या शरीराला मात्र त्यातला प्रत्येक जिन्नस वेगळा आहे. काही चालतात, काही फक्त जड पडतात, आणि एक-दोन जीवघेणे आहेत.

सगळ्यात घातक मनुके आणि बेदाणे, म्हणजे मुळात द्राक्षंच. आपल्या भागाशी त्यांचं नातं जवळचं आहे. सोलापूर रस्त्याने पुढे गेलं की मांजरी फार्मला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र लागतं, १९९७ पासूनचं. जानेवारी-फेब्रुवारीत याच रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या पाट्या लागतात आणि तासगाव-सांगलीचे बेदाणे वर्षभर दुकानात असतात. द्राक्षांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे जगातल्या पशुवैद्यांच्या लक्षात यायला विसावं शतक संपावं लागलं. त्यानंतरही वीसेक वर्षं द्राक्षातलं नेमकं काय बाधतं ते कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा सल्ला केंद्राच्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. बेकिंगमध्ये वापरतात ती क्रीम ऑफ टार्टर आणि तिच्यापासून मुलांसाठी घरी केलेली खेळायची कणीक खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही अगदी द्राक्षांसारखीच लक्षणं दिसली, त्यावरून त्यांना हा धागा सापडला. द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे हे आम्ल कमी-जास्त असतं. म्हणूनच एका कुत्र्याला मूठभर द्राक्षांनी काही होत नाही आणि दुसरा चार-सहा दाण्यांनी आजारी पडतो. 'आमच्या टॉमीने मागे खाल्ले होते, काही झालं नाही' हा शेजारचा दाखला इथे कामाचा नाही.

हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. तेव्हा चिंचेचा गोळा, चिंचगुळाची चटणी, भेळेचं उरलेलं पाणी हेही कुत्र्यापासून लांब ठेवायचं.

प्रमाणाचा अंदाज हवा म्हणून सांगते. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे तीन ग्रॅमच्या आतबाहेर मनुक्यांनीही मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद आहे. म्हणजे नऊ किलोच्या चिमीला साधारण २५ ग्रॅम पुरे, अर्धी लहान वाटी. पण हा आकडा सुरक्षिततेची सीमा समजून वापरायचा नाही. पशुवैद्य एक-दोन मनुक्यांचा फोनसुद्धा गांभीर्याने घेतात, कारण वर म्हटल्याप्रमाणे दाण्यागणिक आम्लाचं प्रमाण बदलतं. उलटी बहुतेकदा पहिल्या बारा ते चोवीस तासांत होते. मूत्रपिंडाची खरी पडझड चोवीस ते बहात्तर तासांत दिसते. मधल्या काळात कुत्रा बरा वाटतो, तिथेच आपण फसतो.

आता घड्याळ आणि बिल यांचा संबंध सांगते. पुढचे आकडे हडपसर आणि आसपासच्या खासगी दवाखान्यांचा सर्वसाधारण अंदाज आहेत. दवाखान्यागणिक ते बदलतात आणि औषधाचा डोस वजनावर ठरत असल्याने लॅब्रॅडॉरचं बिल पॉमेरियनपेक्षा जास्त येतं. मनुके खाल्ल्यापासून दीड-दोन तासांत पोहोचलात, तर डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी करवतात, मग गरजेनुसार कोळशाचं औषध पाजतात. तपासणी फी ४०० ते ७०० रुपये, उलटीचं इंजेक्शन आणि औषधं ५०० ते १,५००, मूत्रपिंडाची रक्ततपासणी १,००० ते २,०००. म्हणजे दोन ते चार हजार, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा एक तपासणी. तोच कुत्रा दुसऱ्या दिवशी नेला, तर दोन-तीन दिवस सलाइनवर ठेवावा लागतो. दिवसाला २,००० ते ४,००० रुपये, वर रोजची तपासणी. दहा ते पंचवीस हजारांची तयारी ठेवायची. आणि लघवी बंद होण्यापर्यंत गोष्ट गेली, तर पैसे असूनही हाती फारसं काही राहत नाही.

रात्री-अपरात्री गेलात तर फी दीडपट-दुप्पट लागते, घरी बोलावलंत तर ८०० ते १,५०० रुपये वेगळे. तरीही सांगते, रात्री दीडपट फी देऊन जाणं सकाळी साध्या फीत जाण्यापेक्षा स्वस्त पडतं.

अंतरही लक्षात घ्यायला हवं. संध्याकाळी सात वाजता गाडीतळ किंवा मगरपट्टा चौक ओलांडणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून सोलापूर रस्त्याच्या आपल्याच बाजूचा एक दवाखाना दिवसासाठी आणि रात्री उघडा असणारा एक, असे दोन नंबर आजच मोबाइलमध्ये ठेवा. फोन करून तीन प्रश्न विचारून घ्या: रात्री डॉक्टर स्वतः असतात की फक्त मदतनीस, रक्ततपासणी तिथेच होते की नमुना बाहेर पाठवतात, आणि भरती करून घेण्याची सोय आहे का. अहवाल दुसऱ्या दिवशी येत असेल, तर तो दवाखाना लसीकरणाला उत्तम, विषबाधेला नाही.

आता खरं तर आपल्या घरातला सर्वांत मोठा मेवा: शेंगदाणा. पोह्यांत, खिचडीत, कोशिंबिरीत, चिक्कीत तो असतोच, आणि दाण्याच्या कुटाचा डबा तर कुणाच्या घरात रिकामा नसतो. चांगली बातमी ही, की साधा भाजलेला, सालं काढलेला, बिनमिठाचा शेंगदाणा कुत्र्याला चालतो. मुद्दा 'चांगला दाणा' म्हणजे काय हा आहे.

शेंगदाणे ओल लागून ठेवले की त्यांवर एक हिरवट-पिवळी बुरशी धरते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते आणि ते यकृतावर घाव घालतं. दाणे भाजले, तळले, कुकरमध्ये शिजवले तरी ते पुरतं जात नाही. कुत्र्याचं यकृत या विषापुढे फार हळवं आहे. याचा एक पुरावा आपल्या शेजारचाच आहे. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका खाऊन गावंच्या गावं काविळीने आजारी पडली, शंभरावर माणसं दगावली. त्या घरांतलंच अन्न खाणारी कुत्रीही त्याच आजाराने गेली. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत एका कंपनीच्या कुत्र्यांच्या खाद्यात हेच विष निघालं आणि शंभरावर कुत्री मेल्याच्या तक्रारी आल्या. म्हणजे पाकीटबंद खाद्यालाही हा धोका चुकलेला नाही.

आणि आपण काय करतो? दाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, कडू निघालेले बाजूला काढतो. ते टाकून द्यायचं जिवावर येतं, मग 'कुत्र्याला घाल' म्हणतो. घरच्या कुत्र्याला नाही घातले, तर गेटवरच्या कुत्र्यांना. दिवाळीचा चिवडा महिन्याभराने खवट झाला, की तोही एका कागदावर वॉचमनच्या खोलीमागे जातो. मी स्वतः हे वर्षानुवर्षं केलंय आणि पुण्य केल्यासारखं केलंय. आता आठवलं की वाईट वाटतं. त्या चिवड्यात मीठ असतं, तळलेला कांदा असतो, कधी लसूणही, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. गेटवरच्या कुत्र्याला कुणी दवाखान्यात नेत नाही, म्हणून त्याचं बिल कुणाच्या नजरेस येत नाही. आपण जे माणसाला देणार नाही ते कुत्र्यालाही द्यायचं नाही, एवढं एक ठरवलं तरी बरेच जीव वाचतील.

दाणे विकत घेताना पुढे काय पाहायचं ते साधं आहे. भुसार दुकानातून किलोला १२० ते १६० रुपयांनी मिळणारे दाणे चांगले असतात, मार्केट यार्डाच्या भुसार विभागातून पाच किलो आणले तर थोडे स्वस्त पडतात. पण पाच किलो आणून पावसाळाभर पत्र्याच्या डब्यात ठेवले तर वाचवलेले पैसे कुठे जातील ते वर आलंच आहे. कुत्र्यासाठी पाव किलो वेगळे काढा, निवडा, मंद आचेवर भाजा, सालं पाखडून टाका, हवाबंद बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. एखादा दाणा कडू लागला तर बरणी रिकामी करा. कावीळ, डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला पिवळेपणा, खाणं सोडणं, सुस्ती, काळपट शी ही यकृताची लक्षणं आहेत. तिथे भरती, सलाइन आणि यकृताच्या तपासण्या यांचा खर्च मनुक्यांच्या खर्चाइतकाच किंवा जास्तच.

सोलापुरी शेंगाचटणी आमच्या घरी संपत नाही, पण तिच्यात लसूण, तिखट आणि मीठ तिन्ही आहेत. भाकरीचा तुकडा तीत बुडवून कुत्र्यापुढे धरू नका. चिक्कीतला गूळ विषारी नाही, पण चिक्की दातांना चिकटते आणि साखर नाहक जाते. तिळगुळाचंही तेच.

पीनट बटरचं पाकीट किंवा बाटली विकत घेत असाल तर मागची बारीक अक्षरं वाचा. 'शुगर फ्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पदार्थांत झायलिटॉल नावाची साखरेसारखी गोडी असते. आपल्याकडच्या लेबलवर ती 'आयएनएस ९६७' अशा क्रमांकानेही येते, कधी 'बर्च शुगर' म्हणून. माणसाला ती चालते. कुत्र्याच्या शरीरात मात्र ती गेल्याबरोबर इन्सुलिन उसळतं, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते, कुत्रा लडखडतो, आकडी येते. जास्त गेली तर यकृतही जातं. किलोमागे अवघ्या ०.१ ग्रॅमपासून साखर उतरू लागते, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम पुरे. च्युइंगगम, माउथ फ्रेशनर आणि टूथपेस्टमध्येही ती असू शकते. मॉलमध्ये कुत्र्यांसाठीचं म्हणून विकलं जाणारं पीनट बटर ३०० ते ५०० रुपयांना मिळतं. पाव किलो भाजलेले दाणे मिक्सरमधून तेल सुटेपर्यंत फिरवले, की तेच चाळीस रुपयांत होतं, आणि त्यात काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

बदामाकडे वळते, कारण सगळ्यांना काळजी त्याचीच असते. आपण खातो तो गोड बदाम विषारी नाही. पण कुत्रा चावून खात नाही, गिळतो. लहान कुत्र्याच्या घशात अख्खा बदाम अडकू शकतो, आणि बदामात निम्मं तेल असतं. कडू बदाम वेगळा, त्यातून सायनाइड तयार होतं, तो द्यायचाच नाही. सोसायट्यांच्या आवारात लावलेल्या देशी बदामाच्या झाडांखालची फळं हा माझ्या मते खऱ्या बदामापेक्षा मोठा प्रश्न आहे. कुत्री ती चेंडूसारखी खेळतात आणि गिळतात. आतली कठीण कवटी आतड्यात अडकली तर एक्स-रे, सोनोग्राफी, मग शस्त्रक्रिया असा प्रवास होतो आणि २५ ते ६० हजार रुपये लागतात. फिरायला नेताना झाडाखालून नेऊ नका, इतकंच.

काजू बिनमिठाचा, भाजलेला, एखाद-दुसरा चालतो. कोकणातून आणलेले कच्चे बोंड-काजू मात्र लांब ठेवा. त्यांच्या टरफलातलं तेल हात भाजतं, तर जिभेचं काय होईल? पिस्ते खारवलेले असतात आणि टरफलं आतड्यात रुततात. अक्रोड ताजा असेल तर फक्त जड. टरफलासकट वर्षभर पडून असलेल्या, आतून काळ्या पडलेल्या अक्रोडात मात्र अशी बुरशी असू शकते, जिच्या विषाने कुत्र्याचं सगळं अंग थरथरू लागतं आणि आकडी येते. गणपतीच्या आरासीत ठेवलेले आणि पुढे विसरलेले अक्रोड नंतर पिशवीसकट कचऱ्यात टाका, अंगणात नको.

मॅकाडेमिया पूर्वी आपल्याकडे नव्हता. आता मॉलमधल्या परदेशी बिस्किटांत, मिक्स नट्सच्या पाकिटांत आणि अमेरिकेहून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेत असतो. किलोमागे दोन-अडीच ग्रॅम, कधी त्याहूनही कमी, पोटात गेला तरी बारा तासांच्या आत कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात, ताप येतो, थरथर होते, उलट्या होतात. पाहणाऱ्याला वाटतं अर्धांगवायू झाला. सुदैवाने एक-दोन दिवसांत बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. तपासणी, इंजेक्शन, गरज पडली तर सलाइन, दीड ते पाच हजारांत भागतं. मात्र बिस्किटावर चॉकलेट असेल तर ते प्रकरण अजून गंभीर. चॉकलेटमधलं थिओब्रोमाइन हृदयावर जातं आणि चॉकलेट जितकं काळं तितकं ते जास्त. दिवाळीत भेट येणारे चॉकलेटात बुडवलेले बदाम-मनुके हे तिन्ही धोक्यांचं एकच पाकीट आहे.

आपल्या घरातल्या आणखी तीन गोष्टी इथे सांगते. पहिली सुपारी. तिच्यातलं अरेकोलीन कुत्र्याच्या आतड्यांना इतकं जोरात आकुंचन देतं, की एकेकाळी पशुवैद्य त्याच द्रव्याने कुत्र्यांच्या पोटातले पट्टकृमी पाडत असत. तो डॉक्टरांच्या हातातला मोजून दिलेला डोस होता. पूजेच्या तबकातली सुपारी किंवा अंगणात पडलेला गुटखा-तंबाखूचा चोथा तसा नसतो. लाळ गळणं, उलट्या, जुलाब, मंद नाडी ही लक्षणं. दुसरं जायफळ. श्रीखंडाच्या बोटभर चवीने काही होत नाही, पण अख्खं जायफळ चघळलं तर कुत्रा भ्रमिष्टासारखा वागतो, हृदयाचे ठोके वाढतात. तिसरी गोडंबी, म्हणजे बिब्ब्याचा आतला गर. आपण ती लाडवात घालतो, पण तिच्या बाहेरचा बिब्बा अंगावर फोड आणतो हे कुणाही आजीला ठाऊक आहे. साफसफाई नीट न झालेली गोडंबी कुत्र्याच्या तोंडी द्यायचं काहीच कारण नाही.

बाल्कनीत बाग करणाऱ्यांसाठी एक जोड. एरंडीची पेंड खत म्हणून कुंडीत घालू नका. तिचा वास कुत्र्यांना ओढतो, आणि एरंडाच्या बीतलं रायसिन नीट न घालवलेल्या पेंडीत उरलं तर कुत्रं दगावतं. सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकेत खत घेताना पोत्यावर नाव वाचूनच घ्या.

जे विषारी नाही त्यालाही प्रमाण आहे. मेव्यात तेल इतकं, की अक्रोडात ६५ टक्के, शेंगदाण्यात आणि बदामात जवळपास ५० टक्के. हे तेल एकदम पोटात गेलं, की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रा पुढचे पाय टेकून मागचा भाग उंच करून उभा राहतो, पोटाला हात लावू देत नाही, वारंवार ओकतो. यात तीन ते पाच दिवस भरती आणि दहा ते पंचवीस हजार रुपये जातात. घरात वावरणाऱ्या दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ५५० ते ६०० कॅलरी पुरतात आणि खाऊचा वाटा त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. १० ग्रॅम शेंगदाण्यांतच ५५-५७ कॅलरी होतात, म्हणजे पंधरा-वीस दाण्यांत दिवसाचा सगळा खाऊ संपला. मी चिमीला आठवड्यातून दोनदा चार-चार दाणे देते. पिल्लांना, जाड कुत्र्यांना, आधी स्वादुपिंडाचा त्रास झालेल्यांना तेवढेही नको. त्यांच्यासाठी गाजराचा तुकडा आहे, काकडी आहे.

खाल्लंय असं दिसलं तर घरचे उपाय थांबवा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. कुत्र्याला ते घातक आहे, रक्तातलं मीठ एकदम वाढून मेंदूला इजा होते. ताक, दूध, तेल, हळद यांनी विष उतरत नाही आणि त्यात अर्धा-एक तास जातो. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या तर अजिबात नको, मूत्रपिंडं आधीच अडचणीत असतात. पाकीट किंवा उरलेला जिन्नस सोबत घ्या, खाल्ल्याची वेळ आणि अंदाजे प्रमाण कागदावर लिहा, कुत्र्याचं वजन माहीत असू द्या. निघताना फोन करा, म्हणजे डॉक्टर तयारीत राहतील.

पैशांची अडचण असेल तर सरकारी पर्याय आहेत. पशुसंवर्धन विभागाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत फी नाममात्र असते, मात्र वेळा दिवसाच्या. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाला, म्हणजे १९८८ पासूनच्या कॉलेजला जोडून रुग्णालय आहे. हडपसरहून पन्नास-साठ किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे पहिल्या दोन तासांसाठी नाही, पण पुढच्या उपचारांसाठी विचारण्यासारखं. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. १९६२ हा सरकारी नंबर मुख्यतः गुरांसाठीच्या फिरत्या पथकाचा आहे, त्याच्या भरवशावर थांबू नका.

दवाखान्यात ग्राहक म्हणून आपले हक्क आहेत, हे हळवेपणात विसरायला होतं. भरतीआधी अंदाजपत्रक लेखी मागा: दिवसाचा दर, त्यात सलाइन आणि औषधं धरलीत की वेगळी, रात्री कोण असेल. डिस्चार्जच्या वेळी प्रत्येक औषध आणि तपासणी वेगवेगळी लिहिलेली पावती आणि रक्ताचे अहवाल मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर त्यांना तेच लागतात. ग्राहक संरक्षण कायदा पैसे देऊन घेतलेल्या सेवेला लागू आहे, तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. हे मी भांडायला सांगत नाही. बहुतेक डॉक्टर हे सगळं विचारलं की आनंदाने सांगतात. न विचारल्यामुळे शेवटी बिल पाहून धक्का बसतो आणि चांगल्या डॉक्टरबद्दलही मनात राग राहतो.

कुत्र्यांच्या विमा पॉलिसी आता मिळतात. घेताना विषबाधा धरलीय का, आणि किती दिवसांनंतरची, एवढं लेखी विचारून घ्या.

मनुक्यांतून कुत्रा वाचला म्हणजे हिशेब मिटला असं नाही. मूत्रपिंडाचं नुकसान आतल्या आत राहू शकतं, म्हणून महिना-दीड महिन्याने रक्त आणि लघवीची तपासणी पुन्हा करून घ्यायची, हजार-दीड हजार रुपये लागतात. आम्ही चिमीला फेब्रुवारीत नेलं. गाडीतळाच्या गर्दीत चाळीस मिनिटं गेली आणि ती सगळा वेळ माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसली होती. अहवाल दुपारी मोबाइलवर आला. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन हद्दीत होतं. सासूबाईंनी चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला, आणि मनुक्यांची बरणी वरच्या फडताळात ठेवून दिली.